कड्यांचं शेत

जमिनीतला धातू हुडकणाऱ्या यंत्रांच्या त्या दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस आधी भिंतीवरच्या हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या फौजी कोटाकडे जायचा, आणि क्लेमेंट पॅस्कचं डोकं तिथंच फिरायचं. "लपायचंय कुणापासून?" तो विचारायचा. "मुळ्यांपासून? की बायकोपासून?" गिऱ्हाईक हसायचं आणि कोट घेऊनच जायचं. क्लेमेंटचं तिथं दर शनिवारी सहा तास बसणं म्हणजे निव्वळ हौस. टपालखात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेली, बायकोला, आयव्हीला, जाऊन चार. घरी बसून करायचं काय? भिंतींशी बोलायचं? ते तो आठवड्याचे बाकीचे सहा दिवस करतच होता.

मॅव्हिस थर्टल मात्र कोटाकडे गेली नाही. सत्तरीच्या आसपासची बाई, पायात चिखलाचे बूट, पाकीट दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. सरळ त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "मला जमिनीतून एकच वस्तू काढायचीय. त्याला लागेल तेवढंच द्या. वरचं काही नको."

असं गिऱ्हाईक क्लेमेंटनं जन्मात पाहिलं नव्हतं. "कसली वस्तू?"

"लग्नाची अंगठी. बोटं वाळली हो माझी. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी डिकीबाजारात टेबल लावलं होतं, कपबशा विकत होते. घरी येऊन बघते तर बोट मोकळं."

डिकीबाजार म्हणजे गॅदरकोल या शेतकऱ्याच्या शेतात भरायचा तो. लोक गाड्या ओळीनं लावायचे आणि डिकीतून जुनंपानं विकायचे. ऑगस्टच्या त्या रविवारनंतर गॅदरकोलनं कंटाळून तो बंदच करून टाकला होता आणि शेत ऑक्टोबरच्या मध्याला नांगरायला काढणार होता. एकदा नांगर फिरला की संपलंच. हात-हातभर खाली काय जाईल त्याचा पत्ता कुणाला?

"नवी घडवून घेतली असती," ती म्हणाली, "पण नेव्हिलला चालणार नाही. माझा नवरा. तिकडे वृद्धाश्रमात असतो. डोक्यातलं सगळं पुसत चाललंय त्याच्या. पण त्या अंगठीच्या कडेला खाच आहे, त्याच्याच करवतीनं पडलेली, ती बोटानं चाचपली की तो मला ओळखतो. आता रोज माझा हात धरतो, बोट चाचपतो आणि म्हणतो, तुझी अंगठी कुठाय? माझ्या बायकोच्या हातात अंगठी असते." तिनं ते मोकळं बोट पुढे केलं. "अजून विचारतोय तोवर मला ती हवीय."

क्लेमेंट वळला आणि फळीवरून एकेक सामान काढत सांगायला लागला. करवतीसारख्या दात्यांची छोटी कुदळ घ्या, गवताची मुळं चराचरा कापते. गुडघ्यांना गाद्या घ्या, आज हसाल, उद्या मला दुवा द्याल. ही गाजराएवढी कांडी म्हणजे पिनपॉइंटर, खड्ड्यात घातली की वस्तू नेमकी कुठे ते कुरकुर करून सांगते. तिच्यावाचून तुम्ही मातीच चिवडत बसाल. कमरेची पिशवी दोन कप्प्यांची हवी, एकात सापडलेलं, दुसऱ्यात कचरा. कचरा शेतात टाकायचा नाही, खड्डा उघडा ठेवायचा नाही, गवताचा गठ्ठा परत बसवून पायानं दाबायचा. नाहीतर गॅदरकोल दोघांनाही हाकलून देईल.

"दोघांना?" मॅव्हिस म्हणाली.

"त्या शेतावर खणायची परवानगी माझ्या नावावर आहे. मी आणेन तो पाहुणा. आणि यंत्र विकत घेऊ नका, माझ्याकडे दुसरं पडलंय." हे तो इतक्या घाईत बोलला की कान लाल झाले त्याचे.

"ही भिंगाची टोपी?" तिनं फळीवरची एक वस्तू उचलली.

"ती मूर्खांसाठी."

"आणि हा चुंबक लावलेला पट्टा?"

"तो श्रीमंत मूर्खांसाठी."

मॅव्हिस खळखळून हसली. त्या दुकानात बाईचं हसणं क्लेमेंटनं किती वर्षांनी ऐकलं कोण जाणे.

पहिल्या रविवारी दोघं शेतावर गेले. तिनं कपबशांचं टेबल कुठे लावलं होतं ते दाखवलं. नक्की कुठे ते सांगता येईना, कुंपणापासून विसेक पावलं, कदाचित तीस. क्लेमेंटनं दोऱ्या बांधून पट्टे पाडले. तिच्या यंत्राच्या दांड्याखालची गोल थाळी जमिनीला कशी जेमतेम घासत न्यायची ते दाखवलं, झोपाळ्यासारखी वर-खाली हलवू नका म्हणाला. मग दोन्ही यंत्रांवर त्यानं तेच केलं जे त्या शेतात पाऊल टाकणारा प्रत्येक जण करतो. बारा ते वीस आकडे बंद करून टाकले.

त्याचं कारण असं की त्या शेतात चाळीस वर्षं माणसं बिअरचे आणि सरबताचे डबे उघडत आली होती. डब्यांच्या झाकणांवरून तुटलेल्या पत्र्याच्या कड्या हजारोंनी मातीत. प्रत्येक धातूला यंत्र एक आकडा दाखवतं, आणि त्या कडीचा आकडा बारा ते वीसच्या मध्ये लागतो. तेवढे आकडे बंद केले की यंत्र त्यांच्यावरून मुकाट्यानं जातं. नाही केले तर माणूस दिवसभर कड्याच उपसत बसतो. क्लेमेंटचं बोट ते बटण न बघता दाबायचं.

दिवसभरात एक घोड्याच्या नालाचा तुकडा, सहा खिळे, एक जुनं तांब्याचं नाणं. नाण्यावर मॅव्हिस इतकी खूश झाली की विचारू नका. दुपारी तिनं पिशवीतून अंड्याचे सँडविच काढले, त्यानं थर्मासमधला चहा ओतला, आणि ते कुंपणाशी बसून खात राहिले. तिनं विचारलं, "आयव्ही यायची तुमच्याबरोबर?" त्यानं सांगितलं, "गाडीत बसून विणायची आणि मी काय काढलं ते बघून नाक मुरडायची." आणि अचानक त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं न विचारताच दुसरा सँडविच उचलला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बूट पुसता पुसता त्याचा हात थांबला. अरे देवा! सोन्याची बारीक अंगठी आणि पत्र्याची कडी, यंत्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात. ही गोष्ट तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत असे. आणि आज स्वतःच विसरला? त्यानं उठून कपाटातून आयव्हीची अंगठी काढली, जमिनीवर ठेवली, यंत्र चालू करून थाळी वरून फिरवली. यंत्र गप्प. पुन्हा फिरवली. गप्पच.

म्हणजे दिवसभरात ते अंगठीवरून चालून गेले असतील आणि यंत्रानं चकार शब्द काढला नसेल. पुढच्या रविवारी सांगून टाकू, तो मनाशी म्हणाला. चूक झाली म्हणू, हसू दोघं. मग त्याला वाटलं, सांगितलं की आकडे खुले करू, अंगठी तासाभरात मिळेल. आणि मग? मग ती आभार मानेल, कुदळ आणि गाद्या घरी नेईल, आणि तो पुन्हा रविवारी सकाळी या टेबलाशी एकटाच अंडं फोडत बसेल.

एकच रविवार आणखी, त्यानं ठरवलं. नांगराला अजून वेळ आहे.

दुसऱ्या रविवारी त्यानं काहीच सांगितलं नाही. तिसऱ्यालाही नाही. मॅव्हिस आता सराईतपणे थाळी फिरवू लागली होती, गठ्ठा कापून उलटवायची, कांडी घालायची, पुटपुटायची. मध्येच कानांवरचे हेडफोन काढून त्याला हाक मारायची, "अहो क्लेमेंट, सत्तावीस आकडा! सत्तावीस म्हणजे?" तो ओरडायचा, "म्हणजे पितळी बटण, नाचू नका!" आणि बटणच निघायचं. दर रविवारी ती आश्रमातलं काय काय सांगायची. नेव्हिल आज जेवला. नेव्हिल आज रडला. नेव्हिलनं आज पुन्हा हात धरला आणि म्हणाला, अंगठी कुठाय? हे ती सांगत असताना क्लेमेंट थर्मासच्या झाकणातल्या चहात बघत बसायचा. स्वतःची लाज वाटत नव्हती असं नाही. चांगली वाटत होती. पण मंगळवार-बुधवारी त्या रिकाम्या घरात रविवारची वाट बघताना ती लाज कुठल्या कुठे पळायची, काय करणार!

चौथ्या रविवारी ती म्हणाली, "या आठवड्यात दोनदाच विचारलं त्यानं."

पाचव्या रविवारी ती काही म्हणालीच नाही. क्लेमेंटनं मुद्दाम विचारलं, तेव्हा कुदळ पुसत म्हणाली, "काल त्यानं नर्सला सांगितलं, ह्या बाई रोज येतात, त्यांना बसायला खुर्ची द्या." मग ती गुडघ्यांवर बसून एक खड्डा नीट बुजवत राहिली, बुजवून झाला तरी दाबत राहिली. क्लेमेंटला वाटलं आत्ता, याच क्षणी सांगावं. त्याचं तोंड उघडलंही. त्यातून निघालं, "चहा घेता?"

सहाव्या रविवारी गॅदरकोल ट्रॅक्टरवरूनच ओरडला, "पॅस्क! मंगळवारी नांगर घालतोय!" आणि क्लेमेंटनं दोन्ही यंत्रं गुडघ्यावर घेऊन सगळे आकडे खुले केले.

"हे काय केलंत?" मॅव्हिसनं विचारलं.

"शेवटचा दिवस आहे. आज सगळंच ऐकू."

मग कसला गोंधळ! दर दोन पावलांवर किणकिण. कडी, कडी, अर्धी कडी, चॉकलेटचा चंदेरी कागद, पुन्हा कडी. मॅव्हिसचा कचऱ्याचा कप्पा भरून वाहू लागला. ती हसत म्हणाली, "एवढी बिअर प्यायली कुणी?" क्लेमेंट हसला नाही. तो गुपचूप पहिल्या दिवशीच्या दुसऱ्या पट्ट्याकडे सरकला, कुंपणापासून पंचवीस पावलांवर. आकडा चौदा. बोटभर खोल, मुळांतच अडकलेली. त्यानं ती उचलली नाही. "मॅव्हिस," त्यानं हाक मारली, "इथं जरा तुम्ही खणा."

तिनं अंगठी मातीसकट मुठीत धरली आणि कडेची खाच अंगठ्यानं चाचपली. मग तिनं क्लेमेंटला अशी मिठी मारली की हेडफोन त्याच्या गळ्यात रुतले. "देव तुमचं भलं करो," ती रडत म्हणत होती, "देव तुमचं फार भलं करो हो." गाद्या गुडघ्यांना तशाच बांधलेल्या ठेवून ती गाडीत बसली आणि थेट आश्रमाकडे गेली. क्लेमेंटनं मागे राहून तिचा खड्डा बुजवला.

आठवडाभर फोन आला नाही. शनिवारी दुपारी ती दुकानात आली. अंगठीला पातळ दोरा गुंडाळून ती बोटात बसवलेली होती.

"दाखवली?" त्यानं विचारलं.

"दाखवली. हातात दिली. बराच वेळ बघत होता." ती नीट, शांतपणे सांगत होती. "म्हणाला, छान आहे. म्हणाला, तुमचे यजमान नशीबवान आहेत."

क्लेमेंटनं काउंटरवरचं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं.

"पण तुम्ही काय कमी केलंत?" मॅव्हिस म्हणाली. "सहा रविवार एका परक्या बाईसाठी! माझ्या पोटच्या लेकीनं सहा तास दिले नसते. मी म्हणत होते, आता आश्रमात रविवारी जाऊन तरी काय, तो झोपलेलाच असतो. तुम्ही दुसऱ्या कुठल्या शेतावर जात असलात तर मी येईन. सँडविच माझे."

हेच तर त्याला हवं होतं. सहा आठवडे त्यानं हेच मागितलं होतं, आणि ते आता काउंटरपलीकडे उभं राहून, पाकीट दोन्ही हातांत धरून, त्याच्या होकाराची वाट बघत होतं. नुसतं हो म्हणायचं. तिला कधीच कळलं नसतं.

"मॅव्हिस," तो म्हणाला, "यंत्रं मी बंद करून ठेवली होती."

"म्हणजे?"

त्यानं सांगितलं. आकडे, कड्या, पहिल्या दिवशीचा विसर, आयव्हीची अंगठी जमिनीवर ठेवून पाहिली ते, आणि नंतरचे चार रविवार जाणूनबुजून काढले ते. "तुम्ही येणं थांबवाल म्हणून," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. मी एकटा असतो हो."

दुकानात कोट बघणारं एक गिऱ्हाईक होतं, तेही हळूच बाहेर सटकलं.

"पहिल्या रविवारी निघाली असती?" मॅव्हिसनं विचारलं.

"पहिल्याच पट्ट्यांत होती. निदान दुसऱ्या रविवारी तरी नक्की."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, कुदळ फेकून मारली असती तरी चाललं असतं. ती बोटातली अंगठी दोऱ्यासकट गोल गोल फिरवत राहिली.

"दुसऱ्या रविवारी संध्याकाळी," ती म्हणाली, "त्यानं माझा हात धरून विचारलं होतं, सापडली का गं मॅव्हिस? मॅव्हिस म्हणाला होता. नावानं. आणि मी त्याला सांगितलं, नाही रे, अजून नाही. पण शोधणारा माणूस फार चांगला मिळालाय."

एवढं बोलून ती वळली आणि दार हळू ओढून घेऊन निघून गेली.