काठावरची लाल खुंटी

मी खुंटी बोलतेय. कपडे टांगायची नव्हे. नदीकाठच्या परसात ठोकलेली, लाल डोक्याची. माझं काम एकच, जागा सोडायची नाही. नेमकं तेच मला जमलं नाही.

एका मोडक्या चौकटीतून मला कापलं, रंगवलं आणि नगरपालिकेच्या साहेबांनी या घरामागे, काठापासून थोडं आत ठोकलं. "काठ ढासळत इथवर आला की घर रिकामं करायचं," ते म्हणाले. "तोवर संरक्षक भिंतीचं बघू."

सरकारी काम आणि सहा महिने थांब! नदीला कुठला एवढा धीर? रोज एखादं ढेकूळ डुबकन पाण्यात पडायचं.

घरात दोघंच, म्हातारे गवंडी बाबा आणि त्यांची सून. मुलगा नोकरीसाठी दूर. घर बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. ते सोडायचं नुसतं नाव काढलं तरी त्यांचा पारा चढायचा. सून कामावर गेली की ते मला उपटायचे आणि घराकडे सरकवून पुन्हा ठोकायचे. खुंटा हलवून बळकट करतात म्हणे! मला हलवून काहीच बळकट झालं नाही. सरकता सरकता मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

मग साहेब टेप घेऊन आले. माणसाच्या हातात टेप आली की त्याला बाकीचं काही दिसत नाही. त्यांनी माझ्यापासून काठापर्यंत मोजलं. "अंतर होतं तेवढंच आहे. इथला काठ पक्का दिसतोय. भिंत पलीकडच्या वस्तीला देऊ."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगावं तर घर सोडावं लागणार, गप्प बसावं तर भिंत जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड?

सून दारात कपडे पिळत होती. "साहेब, खुंटीपासून नका मोजू," ती म्हणाली. "ती सरकलीय. आमच्या दारापासून मोजा."

साहेबांनी दारापासून मोजलं, तेही तेवढंच भरलं. काठ घराशी आलाय हे आता कुठे त्यांना कळलं आणि त्यांनी घाम पुसला. "आजच निघा."

"घरभेदी निघालीस!" बाबा कडाडले.

"बाबा, घर गेलं तर तुम्ही पुन्हा बांधाल. तुम्ही गेलात तर मी काय करू?"

दोघं शाळेच्या खोलीत राहायला गेले. मला उपटून रस्त्याकडे ठोकलं, धोक्याची दोरी बांधायला. बाबांनी सुनेशी बोलणं टाकलं.

दोनच दिवसांनी, भर दुपारी, स्वयंपाकघर नदीत गेलं. बाबा रोज जेवून तिथेच लवंडायचे. संध्याकाळी ते दोरीपाशी आले आणि तिथे उभ्या सुनेला म्हणाले, "चल, पोरी. जेवली नसशील तू."

भिंत अजून मंजुरीतच आहे. काल साहेबांनी शेजारच्या परसात नवी खुंटी ठोकली. ते वळताच शेजारी इकडेतिकडे बघत तिच्यापाशी वाकला.

"हात लावू नकोस!" बाबा रस्त्यावरून ओरडले. "मी लावला होता!"

शेजारी दचकून मागे सरला.

साहेब, तुम्हीही ऐका. खुंट्या ठोकून नदी थांबत नाही. भिंत बांधा, आणि शेजारच्या घरात माणसं आहेत तोवर बांधा.