डेल्फीनचा दाट पालक

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ऑरिन थिबो शिडीवर उभा राहून छपराच्या कडेचा बर्फ फोडत होता. डॉक्टर म्हणाले, आधी खाली बसा. त्यावरूनच त्याला पुढचं कळलं. त्याची बायको डेल्फीन सकाळी हृदय तपासायला म्हणून तिच्या मोठ्या बहिणीबरोबर, क्लोडेटबरोबर गेली होती. रात्रीच्या जेवणाला परत येते म्हणाली होती. ती गेली. ऑरिनने फोन खिशात टाकला, उरलेला बर्फ फोडला आणि मग खाली उतरला. आता घाई कुणालाच नव्हती.

आदल्या दिवशीच तिने पालक पेरला होता. गोठ्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून तिची बिनबुडाची लाकडी पेटी असे, वर झाकण म्हणून जुन्या खिडकीची काच. बाहेर फेब्रुवारीचा कमरेइतका बर्फ आणि पेटीत काळी ओली माती. बी फार दाट पडलं होतं. हात थरथरला असणार, असं ऑरिनने धरलं.

मग गावाने भाजलेली मॅकरोनी आणली. बायको गेली की नवऱ्याला दुसरं काही पचत नाही, असा व्हरमाँटच्या या टोकाला सगळ्यांचाच समज. फादरही आले. डेल्फीन आता अधिक चांगल्या जागी आहे, म्हणाले. तिथे ऊन कुठल्या बाजूने येतं, असं ऑरिनने विचारलं, कारण जागा चांगली की वाईट हे ती तेवढ्यावरूनच ठरवायची. फादरनी थोडी मॅकरोनी वाढून घेतली.

मार्चात पालक उगवला. जन्मात कधी त्या पेटीला हात न लावलेला ऑरिन ऊन चढलं की काचेखाली काठी लावायचा आणि दिवस कलला की ती काढून वर जुनं ब्लँकेट टाकायचा. पेटी जपता जपता दाढी करायची राहून जाई. पण रोपं एकमेकांत घुसली आणि पिवळी पडायला लागली. येणारा जाणारा सांगू लागला, विरळणी कर, अधलीमधली रोपं उपटून टाक. तो हो म्हणायचा आणि काच खाली ठेवायचा.

शेवटी क्लोडेट आली. तिने पेटीत डोकावून पाहिलं.

"मध्ये बोटसुद्धा शिरत नाहीये, ऑरिन. अशीच ठेवलीस तर काड्या होतील आणि फुलावर जातील. एक पान हाताला लागायचं नाही."

"तिच्या हातचं शेवटचं आहे ते. त्यातलं कुठलं उपटू? तूच सांग."

क्लोडेटने काचेवरची माती बाहीने पुसली. डेल्फीन तिचीही कोण होती, हे ऑरिनला त्या महिन्यात पहिल्यांदा आठवलं.

"हात थरथरला म्हणून दाट पडलंय ते," तो म्हणाला.

"थरथरला कसला. दर वर्षी ती मुद्दाम दाट पेरायची. मार्चात तुझ्या अंड्यांबरोबर काय असायचं?"

"गवत."

"ती उपटलेली रोपं असायची, मूर्खा. तिचं पहिलं पीक तेच. तीस वर्षं खाल्लंस आणि तीस वर्षं तोंड वाकडं केलंस."

ऑरिन गुडघ्यांवर बसला, तेही शिव्या देत, कारण गुडघे त्याच्याच वयाचे होते. पहिलं रोप उपटायला त्याला इतका वेळ लागला की क्लोडेटने घराच्या धुराड्याकडे बघायचं सोंग केलं. दुसरं पटकन आलं. मग हात चालू लागला. एक ठेवायचं, दोन काढायची.

ओंजळभर झालं तेव्हा त्याने ते धुतलं, लोण्यात टाकलं आणि वर अंडी फोडली. थंडीने पाला गोड झाला होता. पहिल्या घासाला त्याने सवयीने तोंड वाकडं केलं. क्लोडेटने ते पाहिलं आणि पुन्हा मूर्ख म्हणायचं राहू दिलं. तिच्या हिशेबाने एवढी माया फारच झाली.

त्याने सगळं संपवलं, ताट पावाने पुसलं आणि बाहेर जाऊन काच लावली. पुढची अर्धी पेटी विरळून झाली होती. भिंतीकडची अर्धी अजून राहिली होती.