फक्त आपल्या घरचं

अमरावतीत कॉलेजातल्या पोट्ट्यांनी एक मंडळ काढलं होतं. दर रविवारी जमायचं, एकानं उठायचं आणि लाचखोरीनं आपल्या घराचं काय केलं ते सांगायचं. भाषण नाही, घोषणा नाही. नियम एकच, तोही म्होरक्या स्वानंदनं घातलेला: कुण्या अधिकाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, फक्त आपल्या घरचं सांगायचं. स्वानंद वकिलाचा पोरगा, बदनामीचे दावे घरात पाहिलेला. सगळ्यांना नियम मोठा शहाणपणाचा वाटला. वाटणारच! वकिलाच्या घरचं शहाणपण होतं ते, शिपायाच्या घरचं नव्हे.

एका रविवारी प्रणाली उठली. पोरगी अंजनगावकडची. बाप तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई, निवृत्तीला अकरा महिने उरलेले.

"माझ्या बाबांचं नाव देवीदास," ती म्हणाली. "जमिनीच्या फेरफारासाठी लोक लिफाफे देतात. बाबा ते डब्याच्या पिशवीत घालून साहेबांच्या घरी पोचवतात. त्यांना त्यातलं काही मिळत नाही. नाही नेले तर बदलीची धमकी. घरी आले की आधी दोनदा हात धुतात, मग माझ्याशी बोलतात. मला ते हात धुणं बघवत नाही."

मंडळानं व्हिडिओ टाकला. चार दिवसांत तो परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत फिरला. लोक पोरीला वाघीण म्हणाले. अन् पाचव्या दिवशी देवीदास निलंबित झाला! साहेब? साहेबांचं नाव होतंच कुठं त्यात? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

प्रणाली मिळेल त्या बसनं घरी आली आणि बापाच्या पायाशी बसून ढसाढसा रडली.

"बाबा, मी खोटं बोलली असं लिहून देते मी."

"साहेबबी तेच म्हणे. पोट्टीचं डोकं फिरलं हाये असं लिही, कामावर घेतो म्हणे."

"मंग लिहा ना!"

"काहून लिहू? खऱ्या पोरीले खोटी म्हणू?" देवीदास चिडलाच. "तू बोलली अन् मले कित्येक वर्सांनी झोप लागली व. चौकशीत मी सारं सांगतो."

चौकशी झाली ती साहेबांच्याच खोलीत. खुर्चीत तेवढा बाहेरचा अधिकारी. प्रणाली बाहेर बाकड्यावर बसून होती. दोन तासांनी देवीदास बाहेर आला. चेहरा मोकळा, मान वर. असा बाप तिनं कधी पाहिला नव्हता.

"साहेबाचं नाव तीनदा घेतलं," तो म्हणाला आणि जबाबाची नक्कल तिच्या हाती दिली.

तिनं वाचलं. लिफाफे होते, पिशवी होती, खाली बापाची सही होती. साहेबांचं नाव कुठंच नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, 'हे लिफाफे मी स्वतःच्या फायद्यासाठी घेत होतो.'

"बाबा, सही करायच्या आधी वाचलं नाही?"

"चष्मा घरीच राह्यला. अन् तीस वर्सं साहेब बोट ठेवते तिथंच सई करतो मी." तो तिच्याकडे बघून हसला. "काहून व? बराबर लिहिलं हाये ना?"

प्रणालीनं कागदाची घडी घातली.

"बराबर हाये, बाबा," ती म्हणाली.