तापलेली नजर

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. निकाराग्वातल्या आमच्या मसाया शहरात मला 'पाचा' म्हणतात. माझ्या अंगावरचे आकडे पुसट झाले, निपलचं भोक मात्र मोठं झालं. कारखान्यात ते टाचणीच्या टोकाएवढं होतं. ट्रान्सितो आजीने सुई तापवून ते वाढवलं. दूध झटपट संपलं की तिला विकायचे नाकातामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे सारण भरलेले उंडे, केळीच्या पानांत बांधायला मोकळं होता येई.

तिची लेक याओस्का उजाडताच कपडे शिवायच्या कारखान्यात जाई. मग आजी तिच्या तान्ह्या नोएलियाला झोळीत उताणी निजवी आणि टॉवेलच्या गुंडाळीवर टेकवून मला तिच्या तोंडात देई. "आमची पोर आपली आपण पिते हो!" असं ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे. त्या कौतुकाची मला चीड येई. दूध भसाभसा घशात जाई, पोर ठसके, आणि मला थांबता येत नसे.

शेजारची एर्मेलिंदा दिवसभर तव्यापुढे मक्याच्या भाकरी थापते. एकदा ठसका ऐकून ती धावत आली. तिने पोरीला मांडीवर घेतलं, डोकं उंच धरलं, मला जवळजवळ आडवी करून घोटघोट पाजलं आणि मध्ये थांबून ढेकर काढला. माझ्या आयुष्यातलं तेवढंच दूध मी सुखाने दिलं.

"अगं ट्रान्सितो, एवढं भोक? पोरीला काय नळाखाली धरलीयस?"

"तू नको शिकवू! विस्तवापुढून उठून तशीच बाळाकडे बघतेस. तुझी तापलेली नजर लागली म्हणजे?"

दुसऱ्या दिवशी बाळाला नेमका ताप भरला. झालं! मनगटात लाल मण्यांचा धागा आला आणि दाराला आतून कडी लागली. मला कोणी काही विचारलं नाही.

मग एका दुपारी आजी परसात पानं धूत होती. दूध श्वासात गेलं. नोएलिया एकदाच खोकली, मग तिचे ओठ निळे पडू लागले. खोकला ऐकून एर्मेलिंदा दारावर धडका देत होती, "उचल तिला! ट्रान्सितो, अगं पोरीला उचल!"

आजी आत आली ती थेट दाराशीच गेली. "चालती हो इथून! तुझ्या नजरेनंच पोर आजारी..." मग कुठे तिचं लक्ष झोळीकडे गेलं.

दवाखान्यात नेल्यावर पोर वाचली. फुफ्फुसात दूध गेलं होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आजीने मान डोलावली आणि घरी येऊन गल्लीभर सांगितलं, की नजर फार वाईट होती. लोकांनी एर्मेलिंदाच्या भाकरी घेणं सोडलं. याओस्काने नवं निपल आणलं. "आई, मांडीवर घेऊन पाज गं," म्हणून ती रडली, आणि रजा संपताच कामावर गेली.

मित्रांनो, नव्या निपलने मी शहाणी होत नाही. बाळाला कुशीत घ्या, डोकं उंच ठेवा, त्याने तोंड फिरवलं की मला दूर करा. दूध माझ्यात मावतं, पण मला हात नाहीत. आत्ता हे सांगतानाही मी नोएलियाच्या तोंडात आहे, आणि झोळीजवळ कोणी नाही.