चहाबरोबरचं मोजत नाहीत

मी एक जुना वाडगा आहे, अक्रोडाच्या लाकडाचा. इस्तरवशन गावात, डोंगराच्या पायथ्याच्या गल्लीत, मोहिनिसोच्या घरी राहतो. गल्लीतले सगळे तिला ‘खोला’ म्हणतात, म्हणजे मावशी. मित्रांनो, माझ्या पोटात चार खण आहेत. एकात बेदाणे, दुसऱ्यात अक्रोड, तिसऱ्यात सुके जर्दाळू आणि चौथ्यात पांढऱ्या साखरगोळ्या. अक्रोड म्हणजे माझ्याच झाडाची नातवंडं. ते खणात पडले की घरचीच पोरं कडेवर घेतल्यासारखं वाटतं. साखरगोळ्यांशी माझं नातं नाही, पण त्यांच्याशिवाय मला मानही नाही, हे कबूल करतो.

मला ज्या सुतारानं कोरलं तो कमी बोलायचा. अकरा दिवस त्यानं माझ्यावर घालवले. मोहिनिसोचे वडील मला न्यायला आले तेव्हा तो म्हणाला, “लेकीला देताय ना? म्हणून खण खोल ठेवलेत. उथळ वाडगा सासरी बाईचं नाव घालवतो.” तसा मी लग्नात तिच्याबरोबर या घरी आलो. त्याला आता चौतीस वर्षं झाली.

या चौतीस वर्षांत मी फार मान मिळवला. बारसं असो, सुंता असो, कोणी परगावाहून आलेलं असो, जेवणाचं कापड, दस्तरखान, अंथरलं की मधोमध मी. कौतुकही ऐकलं. “काय कोरीव काम आहे!” असं म्हणत लोक माझ्याकडे बघतात आणि हात मात्र जर्दाळूंकडे नेतात. मी रागावत नाही. मला एकच खोड आहे, ती म्हणजे मोजायची. लाकडाला दुसरं काम तरी काय? विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस ‘नको, नको’ म्हणत तीन जर्दाळू खातो आणि दोन खिशात घालतो. शेजारची खोसियत दात दुखतात म्हणून सांगते आणि सर्वांत कडक अक्रोड निवडून घेते. घरचा धनी तोजिद्दीन बेदाण्यांत बोट फिरवून मोठे तेवढे उचलतो. सगळ्यांचे हात मी ओळखतो, सगळ्यांचे मोजतो.

फक्त एक हात मी कधी मोजला नाही. मोहिनिसोचा. घरच्या बाईचा हात कोण मोजतं?

त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे चहा रिकामा देत नाहीत. आणि पाहुण्याच्या आधी घरच्या बाईचा हात वाडग्यात जावा लागतो. ती खाते, मग पाहुण्याची भीड मोडते. ती नुसती बसून राहिली, तर पाहुणाही हात मांडीवर ठेवून बसतो आणि मग गल्लीत जाऊन सांगतो की त्या घरी आता मन मोठं राहिलं नाही. म्हणून मोहिनिसो आधी खायची. दिवसाला सात-आठ पाहुणे. प्रत्येकाबरोबर दोन अक्रोड, चार बेदाणे, एखादी साखरगोळी. ते काही खाणं नव्हतं. तो चहा होता.

आता तिच्या तंदुराकडे येतो, कारण सगळं दुखणं तिथूनच उघड झालं. अंगणात भिंतीलगत छातीइतका उंच तंदूर आहे. नान लावायची तर जाड हातमोजा घालून कमरेपर्यंत आत वाकावं लागतं, आतल्या भिंतीवर कणीक थापावी लागते आणि श्वास संपायच्या आत बाहेर यावं लागतं. मोहिनिसोच्या नानवर उमटवलेला नक्षीचा ठसा गल्लीत कोणीही डोळे झाकून ओळखेल. तर या वसंतात एक दिवस ती वाकली आणि पोट तंदुराच्या काठावर अडकलं. गुडघा लचकला. सून फरांगिसनं मागून झगा धरून ओढलं म्हणून बरं. डोक्याचा रुमाल मात्र पुढून जळाला आणि कपाळावरचे केसही गेले.

फरांगिस तिला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर अंगणातच सांगू लागली, “शहाण्णव किलो भरलं. डॉक्टर बुनफशा म्हणाल्या, दहा किलो उतरवल्याशिवाय आईंनी तंदुरात वाकायचं नाही. गुडघा पेलत नाही. पुन्हा तोल गेला तर नुसत्या रुमालावर भागणार नाही.”

“दहा किलो?” तोजिद्दीन म्हणाला. “अगं, ते एक करडू झालं. कुठं लपवलं होतंस एवढं?”

“तुम्ही बोलू नका,” मोहिनिसो म्हणाली. “तीस वर्षं बस चालवलीत. थांब्यावर आधी पोट उतरायचं, मग तुम्ही.”

सगळे हसले. ती हसली नाही. कारण ऑक्टोबरात धाकट्या लेकीची, मुनिसाची, नान मोडायची होती. आमच्याकडे मुलीचं ठरलं की दोन्ही घरची माणसं एकत्र बसतात, थोरला माणूस दोन नान मोडून सर्वांना तुकडे देतो आणि मग ते लग्न पक्कं. त्या दोन नान मुलीच्या आईच्या हातच्या असाव्या लागतात. थोरल्या तिघी लेकींच्या वेळी मोहिनिसोनंच भाजल्या होत्या. मुनिसाच्या वेळी त्या बाजारातून आणायच्या? बायकांनी ठसा बघायचा आणि एकमेकींकडे बघायचं?

“उतरवते,” ती म्हणाली. “आजपासून मी दुपारी जेवणार नाही. माझ्यापुरतं शिजवू नकोस.”

तिनं शब्द पाळला. दुपारी सगळे शोरब्याच्या वाट्या घेऊन बसायचे आणि ही बाई पाठ फिरवून मुनिसाच्या रुखवताच्या उशा शिवायची. महिन्यानं वजन केलं. सत्त्याण्णव.

ती घरी येऊन माझ्यासमोर बसली आणि रडली. “मी काय हवा खाऊन फुगते? एक घास पोटात नाही दुपारचा. काटाच बिघडलाय त्यांचा.” आणि रडता रडता तिचा हात माझ्यात आला. एक साखरगोळी. मग दुसरी.

मित्रांनो, त्या दिवशी मी प्रथमच तिचा हात मोजायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोजला. एकेचाळीस वेळा. मला माझीच लाज वाटली. अख्ख्या गल्लीचं मोजत होतो आणि हे एवढं मोठं माप माझ्या पोटातून जात होतं. पण लाकूड बोलणार कसं?

फरांगिस हुशार पोरगी. तिला थोडा वास लागला. “आई, तुम्ही रागावू नका, पण तो वाडगा…”

“वाडग्याचं काय?”

“त्यातलं खाता ना तुम्ही.”

“त्याला खाणं म्हणतात? तो चहा आहे, चहा! तुमच्या माहेरी चहाचंही माप ठेवतात वाटतं?”

पण तोजिद्दीननं ऐकलं. त्यानं मला उचललं, अक्रोड-बेदाणे पिशवीत ओतले आणि मला कोठीत कांद्यांच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवलं. “दहा किलो उतरेपर्यंत कैद,” असं मलाच म्हणाला. चौतीस वर्षांत मी पहिल्यांदा रिकामा झालो.

मग काय झालं ते कोठीच्या दारातून मी पाहिलं. घरात चहा रिकामा जाऊ लागला. खोसियत आली, अर्धा प्याला पिऊन उठली. दारात म्हणाली, “आमच्या तोंडाचा त्रास झाला असेल तर सरळ सांग गं. आडून कशाला?” आणि मग फिरकलीच नाही. गल्लीतल्या इतर बायकाही कमी झाल्या. घर ओकंबोकं झालं आणि मोहिनिसो चिडचिडी. आणि रोज दुपारी चारच्या सुमारास ती कांदे घ्यायला म्हणून कोठीत यायची, मागे बघायची आणि पातेल्यातला गार पुलाव उभ्याउभ्या खायची. झाऱ्यानं. एकदा तर अर्धी नान चरबीत बुडवून. बाहेर जाऊन ती खरंच शपथेवर सांगायची की आपण काही खाल्लं नाही. ती खोटं बोलत नव्हती. उभ्यानं खाल्लेलं तिच्या हिशेबात नव्हतंच.

माझेही हाल झाले. कोरड्या हवेनं माझ्या काठाला बारीक तडा गेला. पण खरं सांगू? मला तड्यापेक्षा त्या लपून खाणाऱ्या हाताचं जास्त वाईट वाटायचं.

जुलैत डॉक्टर बुनफशा गुडघा बघायला घरी आली. तिशीतली मुलगी, ठेंगणी, बोलायला तिखट. डॉक्टर म्हणजे मोठा पाहुणा. तिच्यासमोर रिकामा चहा? ते तोजिद्दीनलाही पटेना. मला कैदेतून काढलं, पुसलं, चारी खण भरले.

डॉक्टरनं विचारलं, “खोला, दिवसभरात काय खाता ते सांगा.”

“काही नाही, पोरी.” मोहिनिसोनं दोन अक्रोड घेतले. “सकाळी चहा-नान.” चार बेदाणे. “दुपारी उपास.” साखरगोळी. “संध्याकाळी जरासा शोरबा. घे ना तू, लाजतेस काय?” पुन्हा दोन अक्रोड.

डॉक्टरनं प्याला खाली ठेवला आणि ती बघत राहिली. मोहिनिसो उपासाचं वर्णन करत होती आणि हात येत-जात होता. शेवटी डॉक्टरनं तो हात मनगटाशी धरला.

“खोला, हे काय?”

“हे?” मोहिनिसोनं आपल्याच मुठीकडे असं पाहिलं की जणू ती मूठ दुसऱ्या कोणाची आहे. “हे तुझ्यासाठी गं. तू भिडेनं खाणार नाहीस म्हणून.”

“माझ्यासाठी तुम्ही नऊ अक्रोड खाल्लेत. मी अजून एक नाही खाल्ला.”

तोजिद्दीन हसता हसता आडवा झाला. फरांगिसनं ओढणी तोंडात कोंबली. मोहिनिसोनं मात्र मूठ उघडून त्यातलं परत माझ्यात ठेवलं. मग हळूच म्हणाली, “चौतीस वर्षं झाली. हे खाणं आहे, असं मला कधी वाटलंच नाही.”

“मग वाडगा परत कोठीत नेऊ?” तोजिद्दीननं विचारलं.

“वाडग्यानं काय केलंय?” डॉक्टर म्हणाली. तेव्हापासून ती मला फार आवडते. “उलट दुपारचं जेवण बंद केलंत ते आधी सुरू करा. जेवला नाहीत म्हणून चार वाजता पातेल्यावर तुटून पडता.”

“तुला कोणी सांगितलं पातेल्याचं?”

“सगळ्याच तुटून पडतात, खोला. दुपारी नीट जेवा. तरीही चारला भूक लागली तर खा, खुशाल खा. एका छोट्या प्याल्यात पाच-सहा अक्रोड, थोडे बेदाणे. बसून. एकदाच. ते तुमच्या भुकेचं. पाहुण्याच्या भिडेचं खाणं बंद.”

“आणि पाहुण्याआधी हात कोणाचा जाणार? तुझा?”

याचं उत्तर मोहिनिसोनंच शोधलं. दुसऱ्या दिवशी फरांगिस जाऊन खोसियतची समजूत काढून तिला घेऊन आली. चहा ओतला. मोहिनिसोचा हात रिवाजाप्रमाणे आधी माझ्यात आला, अक्रोड उचलला आणि सरळ खोसियतच्या तळहातावर ठेवला. “हात पहिला माझा,” ती म्हणाली, “तोंड तुझं.”

“अगं बाई! स्वतः बारीक होणार आणि आम्हाला जाड करणार?” खोसियत म्हणाली. पण खाल्ला. दात दुखत असूनही.

त्या दिवसापासून गल्लीत तीच रीत झाली. साखरगोळ्यांचा खण अर्धाच भरू लागला. फरांगिसनं माझ्या तड्यावर अक्रोडाचं तेल चोळलं. दुपारी चारला मोहिनिसो तिचा छोटा प्याला घेऊन माझ्याजवळ बसायची, एकेक अक्रोड चावायची. काही दिवस चार वाजून जायचे आणि ती यायचीच नाही, भूकच नसायची. एखाद्या दिवशी हात चुकायचाही. खोसियतच्या नणदेचं भांडण ऐकताना तीन साखरगोळ्या गेल्या, मी मोजल्या. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा प्याला घेऊन बसली.

ऑक्टोबर आला. नान मोडायच्या सकाळी डॉक्टर बुनफशा काटाच घेऊन आली. एकोणनव्वद.

“सात,” डॉक्टर म्हणाली. “मी दहा सांगितले होते.”

अंगणात कणीक मळून झाकून ठेवलेली होती. मुनिसानं आईचा हात धरला. “आई, राहू दे. बाजारातल्या आणू. मला चालतील.”

“मला चालणार नाहीत,” मोहिनिसो म्हणाली.

डॉक्टरनं गुडघा दाबून पाहिला. मोहिनिसोला तंदुराच्या काठाशी नेलं, दोनदा वाकवून पाहिलं. मग बाह्या वर केल्या. “दोनच नान. तेवढ्याच. बाकीच्या फरांगिस लावेल. आणि तुमची कंबर मी धरणार.”

मी दस्तरखानावरून सगळं बघत होतो. मोहिनिसोनं हातमोजा चढवला, ठसा मारला आणि कमरेपर्यंत आत गेली. काठाला पोट टेकलं, पण अडकलं नाही. एक नान लागली. बाहेर येऊन श्वास, पुन्हा आत. दुसरी लागली. लाल चेहऱ्यानं ती वर आली आणि म्हणाली, “सोड गं कंबर, गुदगुल्या होतात.”

दुपारी मुलाकडच्या आजोबांनी त्या दोन्ही नान मोडल्या. बायकांनी ठसा पाहिला आणि माना डोलावल्या. मुनिसाला पहिला तुकडा मिळाला. तिनं तो अर्धा करून आईच्या हातात दिला. मोहिनिसोनं तो बसून, सावकाश खाल्ला.

मित्रांनो, मला कोठीत टाकू नका आणि बोलता बोलता माझ्यात हातही घालू नका. मधल्या वेळी खरंच भूक लागली तर या, बसा, मुठीत काय आहे ते बघा आणि खा. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरात एक हात असेल, जो सगळ्यांना वाढतो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही. तो दुपारी जेवला का, एवढं त्याला विचारा. मी लाकूड आहे, मला विचारता आलं नाही. तुम्हाला तोंड आहे.