रांगेतली बाटली

पक्का क्वार्टर मिळाला आणि देवीदास आजारी पडला. दमा जुनाच होता. पण मजुरांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या झोपडीत, कारखान्याच्या बांधकामाची धूळ खात, तो खोकत खोकत का होईना, मजेत होता. इथं क्वार्टरांच्या सेक्टरात नळ, वीज, मोकळी हवा. आणि हा माणूस खाटेवर पडून छताकडे बघत असे.

"मी काही जगत नाही," तो बायकोला म्हणाला.

"महिनाभरापासून मरूनच राहिले तुम्ही," पंचफुला म्हणाली. "भाकरी टाकू का नको, तेवढं सांगा."

देवीदासला राग आला, पण भाकरी त्यानं टाकायला लावली. भीती मात्र खरी होती. सेक्टरातल्या दवाखान्यात बाकावर बसवत, नाव पुकारत आणि औषध देऊन वाटेला लावत. डॉक्टर म्हणे, छाती होती तशीच आहे. देवीदासला वाटे, आपल्यापासून लपवताहेत.

"कॅम्पातलंच औषध लागू पडत होतं," तो कुरकुरला.

"मग चला तिथंच," म्हणून पंचफुलानं त्याला सकाळीच उठवलं.

कॅम्पाच्या दवाखान्याची रीत वेगळी. दार उघडण्याआधी जो तो आपली औषधाची रिकामी बाटली पायरीपासून रांगेत लावी आणि स्वतः निंबाखाली जाऊन बसे. उभं बाटलीनं राहायचं, माणसांनी एकमेकांची दुखणी ऐकायची. साखरेचा आजार असलेला नत्थू आणि गुडघेदुखीवाली रुक्माबाई तिथले जुने मानकरी.

देवीदासनं बाटली शेवटी लावली. तेवढ्यात त्याला नत्थू आणि रुक्माबाईच्या बाटल्यांमध्ये एक टवका उडालेली बाटली दिसली. झोपडी सोडताना त्यानंच ती टाकून दिली होती.

"हे माही बाटली इथं कावून?"

"तुहा नंबर हाय तो," नत्थू म्हणाला. "रोज लावतो. जागा सोडली का मागचे घुसतात."

"बाटली बिचारी रोज येत होती," रुक्माबाई म्हणाली. "मालकालेच बंगल्यातून फुरसत नव्हती."

देवीदासनं वाकून ती बाटली नीट सरळ केली. उगाच थोडा खोकला. मग निंबाखाली बसून त्यानं आपला दमा असा रंगवून सांगितला, की नत्थूला आपली साखर फिकी वाटू लागली. कंपाउंडरनं दोनदा हाक मारली, तरी हा उठेना.

डॉक्टरांनी छाती तपासली. "तशीच आहे," ते म्हणाले.

"असू द्या साहेब. मले आता बरं वाटून राहिलं."

औषध चांगल्या बाटलीत भरून झालं. टवका उडालेली पंचफुला पिशवीत टाकू लागली, तर देवीदासनं ती तिच्या हातून घेतली आणि नत्थूकडे दिली.

"उद्या लावजो," तो म्हणाला. "मी येतो."