दंडावरचं घड्याळ

"हात ढिला सोडा," म्हणत बाबुलालने पूनमसिंगचं मनगट उलटं केलं आणि पट्ट्याची पिन तिसऱ्या भोकात बसवली. पांढऱ्या तबकडीचं साधं घड्याळ होतं. "बघा. रोजच्या वापराला एक नंबर. सकाळी चावी द्या आणि विसरून जा."

पूनमसिंगने मनगट डोळ्यांसमोर धरून ते पाहिल्यासारखं केलं. नजर मात्र काचेखाली, कोपऱ्यातल्या काळ्या घड्याळावर होती. बाबुलाल वीस वर्षं यवतमाळच्या बाजारात घड्याळं विकत होता. गिऱ्हाइकाची नजर कुठे अडकली, हे त्याला का सांगायला हवं?

"काढू का ते?"

"दाखवा त खरं."

काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, आत तीन बारक्या तबकड्या आणि चावीच्या वर-खाली एकेक बटण. विमान चालवणाऱ्यांचं घड्याळ. पूनमसिंग नऊ वर्षं विमानदलात मेकॅनिक होता. वैमानिकाला खुर्चीत बसवून पट्टे आवळताना अगदी असंच घड्याळ त्याच्या नाकासमोर यायचं, आणि मग विमानाबरोबर उडून जायचं. नोकरीची मुदत भरून तो दीड महिन्यापूर्वी घरी आला होता, आणि उद्यापासून इथल्या एस.टी.च्या कारखान्यात लागणार होता. वेळेवर जायला घड्याळ पाहिजे, एवढंच त्याने आईला, त्याच्या याडीला, सांगितलं होतं. काळ्या घड्याळाचं बोलला नव्हता. त्याची लाज वाटत होती त्याला, लहान पोरासारखी.

याडी जमनाबाई दुकानातल्या स्टुलाच्या अगदी टोकावर बसली होती. बाहेर उन्हाने डांबर पाघळत होतं, तरी तिने ओढणी दोन्ही दंडांवरून पार खाली ओढून घेतली होती.

ही ओढणी पूनमसिंगला दीड महिना सलत होती. लहानपणापासून त्याने याडीचे दंड भरलेले पाहिले होते. कोपरापासून खांद्यापर्यंत एकावर एक पांढऱ्या बलिया, रुंद बांगड्या, तांड्यातल्या प्रत्येक सवाष्णीच्या असतात तशा. बासष्टच्या दिवाळीत बा गेला. तेव्हा लढाई पेटलेली, साऱ्यांच्या रजा बंद, आणि पूनमसिंग तिकडे आसामात. तार हातात पडली तोवर इथलं सगळं उरकलं होतं, याडीच्या बलियाही उतरल्या होत्या. पुढे आठ दिवसांची रजा मिळाली, ती येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेली. आता मायलेक बैलांवर बोलत, मिरच्यांवर बोलत, कोणाच्या पोरीचं कुठे जमलं यावर बोलत. बलियांचा विषय कोणीच काढत नव्हतं. त्या उतरवताना याडीचा हात कोणी धरला होता, एवढंच त्याला विचारायचं होतं. रोज सकाळी तो ठरवायचा आणि रोज रात्री न विचारताच झोपायचा.

"चीज खानदानी आहे," बाबुलाल म्हणाला. "एका साहेबाने विकायला ठेवलंय. पण भाऊ, तुमचं काम कशाचं?"

"इंजनाचं."

"मग खरं सांगू? हे रोजचं नाही. तुम्ही हात इंजिनात घालणार, हे बटण कशात तरी अडकणार, काच जाणार. खिशात ठेवाल तर पान्यावर आपटेल. लग्नकार्यात घाला, शोभेल. रोजला हे पांढरंच घ्या."

बाबुलाल खोटं बोलत नव्हता. पूनमसिंगनेच एक घड्याळ असं इंजिनात घालवलं होतं. पण सणावारी पेटीतून काढायला त्याला हे नको होतं. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हातावर पाहिलेली वस्तू रोज आपल्या अंगावर असावी, बस्स. त्याने काळं घड्याळ हळूच काचेवर परत ठेवलं.

"आन इकडं," याडी म्हणाली.

तिने ते कानाला लावलं आणि डोळे बारीक केले.

"चालते त. मंग हा मधातला बारीक मोठा काटा काहून मेल्यावानी उभा हाय?"

"तो आपल्या हुकमाचा हाय, याडी. हे वरचं बटन दाबलं का पळते, पुन्हा दाबलं का थांबते. मधात किती वेळ गेला ते या बारक्या तबकड्या सांगतेत. बारा घंटे मोजते."

"अन् खालचं बटन?"

"त्यानं सारं पुसते. काटे पुन्हा शून्यावर."

"बाप्पा! मोजलेलं कायले पुसाव?"

"पुढचं मोजाले."

हे काही याडीला पटलं नाही. तिने घड्याळ उलटंपालटं केलं, पट्टा लोंबता धरला आणि वितीने मोजला.

"एवढा लंबा कोनाच्या मनगटाले लागते?"

"वर लय थंडी रायते. जाड कोटाच्या बाहीवरून बांधतेत."

याडीने पट्टा बोटांवर गुंडाळून पुन्हा सोडला. मग एकदम हसली. दीड महिन्यात ती अशी हसलेली त्याने पाहिली नव्हती.

"मंग तू मनगटाच्याच मागं काहून लागला? आमी बाया पाह्य. मोळी तोडली, पानी ओढलं, भिंती लिपल्या. मनगटातलं सतरा डाव फुटलं. दंडावरलं कधी फुटलं? काम हातच करते, दंड नुसता संगं रायते."

"दंडावर घडी कोन बांधते, याडी?"

"कोनी नसंन बांधत. म्हून काय झालं? पाहू त दे बसते का."

आणि तिने डाव्या दंडावरची ओढणी मागे टाकली.

पूनमसिंगला तिथून नजर काढता येईना. सारा हात उन्हाने रापलेला, आणि कोपराच्या वर मात्र कातडी फिकी, मऊ, बाळाच्या अंगासारखी. पस्तीस वर्षं ऊन न लागलेली. बलियांच्या कडांचे वळ अजून तसेच होते, एकाखाली एक. हात केवढा बारीक! एवढ्याशा हातावर एवढ्या बलिया कशा राहत होत्या, असं त्याच्या मनात आलं. बाबुलालने तेवढ्यात फडकं उचललं आणि लख्ख असलेली काच पुसायला घेतली.

"बांध ना," याडी म्हणाली.

त्याने एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्याने पट्टा ओवला. इंजिनातले नट काळोखात बसवणारी बोटं त्याची, पण ती पिन दोनदा निसटली. शेवटी आतल्या भोकात बसली.

"बसते," ती म्हणाली. हात वर केला, खाली केला, मोळी फेकल्यासारखा झटकला. घड्याळ जागचं हललं नाही. "चांगलं जड हाय."

मग तिने मान वळवली, अंगठ्याने वरचं बटण चाचपलं आणि दाबलं. मोठा काटा पळायला लागला. साडेपाचाला पाच मिनिटं कमी होती.

आता सोडवून घ्यायला हवं होतं. पूनमसिंगने बकलकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला.

"हेच द्या," मनगटावरचं पांढरं घड्याळ उतरवून देत तो बाबुलालला म्हणाला.

"डबीत घालून देतो."

"डबी रिकामीच द्या." मग याडीला म्हणाला, "आजच्या रोज राहू दे तिथंच. माह्या शर्टाची बाही तंग हाय."

बाही चांगली ढगळ होती. याडीने ती पाहिली आणि ओढणी पुन्हा दंडावर ओढून घेतली.

राळेगावच्या गाडीत तांड्यातली मैनाबाई भेटली. तिने सरकून याडीला शेजारी जागा दिली. गाडीच्या धक्क्याने याडीची ओढणी घसरली तशी मैनाबाईची नजर दंडावर गेली. पूनमसिंग मागच्या बाकावरून पाहत होता. विधवेच्या दंडावर काही चमकलं म्हणजे उद्या तांडाभर होणार!

"हे काय वं, जमनाबाई?"

"पोराची घडी हाय. सांभाळून राह्यली."

मैनाबाईने घड्याळाकडे पाहिलं, मग मागे वळून पूनमसिंगकडे पाहिलं. मग याडीची ओढणी तिनेच उचलली आणि दंडावर नीट घातली.

"धूळ जाईन घडीत," ती म्हणाली, आणि वाळल्या बोरांची पुडी सोडली.

फाट्यावर उतरून मैनाबाई झपझप पुढे निघून गेली. मायलेक मागून चालत होते. दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी वावरं होती. याडी पुढे बघतच बोलली, त्याने काही न विचारता.

"मैनानंच धरला होता हात."

पूनमसिंग थांबला. ती थांबली नाही.

"दोन रोज म्या काढू देल्ल्या नाई. म्हनलं, पूनम येऊन राह्यला. सारे म्हनत, नाई येत तो, लढाई हाय. तरी दोन रोज बसली मी तशीच. मंग मैना आली. तिनं धरला हात, अन् म्या म्हनलं, काढा."

"याडी, मले सुट्टीच..."

"मले काय समजत नाई का?" ती वळून म्हणाली. "चाल. बैलाले पानी पाजाचं हाय."

तो रडला. चांगला मोठा माणूस, नऊ वर्षांची नोकरी करून आलेला, वाटेवर उभा राहून बाहीने डोळे पुसत होता. याडी दहा पावलांवर त्याची वाट पाहत उभी राहिली. आवरून झाल्यावर दोघं घरी गेले.

सकाळी उजाडताना तिने त्याच्या पुढ्यात भाकरीचं फडकं ठेवलं आणि वर घड्याळ ठेवलं. वेळेचे काटे चालू होते. मोठा काटा थांबलेला होता. पूनमसिंगने ते उजेडाला धरलं आणि बारक्या तबकड्या वाचल्या. अकरा तास, अडतीस मिनिटं.

"काढतानी थांबवलं म्या," याडी चुलीपुढून म्हणाली. "वरलंच बटन दाबलं. खालच्याले हात नाई लावला."

तिला आकडे वाचता येत नव्हते. किती झाले, असं तिने विचारलंही नाही. राख भरलेले हात फेटियाच्या घेराला पुसत ती उठली, त्याची बाही वर सारली आणि त्याच्या दंडावर पट्टा आवळला. तिच्या हाताला पिन एकदाही निसटली नाही.

कारखान्यात दुपारपर्यंत त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले. घड्याळाला डाग लागला नाही. फोरमन आला, दंड पाहून आधी हसला, मग वाकून बघायला लागला. त्याला अशा घड्याळातलं कळत होतं.

"अरे, याचे बाकीचे काटे भलतीकडेच राहिलेत. खालचं बटण दाब, शून्यावर येतील."

"नाही जी," पूनमसिंग इंजिनात हात घालत म्हणाला. "बरोबर हायेत ते. तेवढेच झालते."